जहाज रशियाचं, इंजिन युक्रेनचं. स्पेअर पार्ट कोणाचे?

१ जुलै २०२५ रोजी रशियातल्या कालिनिनग्राद शहरात ‘आयएनएस तमाल’ ही युद्धनौका भारतीय नौदलात दाखल झाली. परदेशात बांधून घेतलेली ही आपली शेवटची युद्धनौका, यापुढची सगळी जहाजं भारतातच बनणार, असं तेव्हा सांगितलं गेलं. ब्राह्मोस क्षेपणास्त्रं, सव्वाशे मीटर लांबी, ३० नॉट्सपेक्षा जास्त वेग. रील बनवायला मसाला भरपूर होता.

पण या जहाजाच्या पोटात एक गोष्ट आहे, जी रीलमध्ये मावत नाही. तमाल बांधली रशियाने. तिला पळवणारी इंजिनं बनवली युक्रेनने. ती नौदलात आली तेव्हा या दोन देशांमधल्या युद्धाला तीन वर्षं उलटून गेली होती. म्हणजे एकमेकांवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्या दोघांनी मिळून बनवलेलं जहाज आपण घरी आणलं! हे जमलं कसं, हा भारी प्रश्न आहेच. पण खरा प्रश्न पुढच्या तीसेक वर्षांचा आहे. या जहाजात काही बिघडलं तर त्याचे सुटे भाग आणायचे कुठून?

‘त’ तलवारीतला

आधी थोडी ओळख. नौदलात ‘क्लास’ म्हणजे एकाच डिझाइनवर बांधलेल्या जहाजांचं कुटुंब. पहिल्या जहाजाचं नाव तेच कुटुंबाचं आडनाव. तमाल ही ‘तलवार’ वर्गातली. तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तरकश, त्रिकंड, तुशिल आणि तमाल अशा या आठ फ्रिगेट. सगळ्यांची नावं ‘त’वरून. फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची, सगळी कामं करणारी युद्धनौका. विमानं, पाणबुड्या, शत्रूची जहाजं अशा तिन्ही धोक्यांशी लढू शकेल आणि एरवी गस्तही घालेल, अशी.

या डिझाइनचं मूळ सोव्हिएत काळातलं आहे. १९७० च्या आसपास सोव्हिएत नौदलात आलेल्या ‘क्रिवाक’ फ्रिगेटवरून ते पुढे विकसित होत गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये भारताने रशियाशी पहिल्या तीन जहाजांचा करार केला, सुमारे १०० कोटी डॉलरचा. जहाजं सेंट पीटर्सबर्गच्या गोदीत बांधली गेली. हवाई हल्ल्यापासून बचाव करणारी ‘श्टिल’ ही क्षेपणास्त्र यंत्रणा चाचण्यांमध्ये त्रास देत होती, त्यामुळे तलवार उशिरा, जून २००३ मध्ये नौदलात आली. दुसरी तीन जहाजं कालिनिनग्रादच्या यांतार गोदीत बांधली. ती २०१२-१३ मध्ये दाखल झाली. तिसऱ्या फेरीत डिसेंबर २०२४ मध्ये तुशिल आणि मग तमाल.

ही जहाजं शोकेसमध्ये ठेवायची नाहीत. २०२३ मध्ये सुदानमध्ये यादवी पेटली तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’त भारतीयांना बाहेर काढायला तेग आणि तरकश गेल्या होत्या. जुलै २०२४ मध्ये ओमानजवळ एक तेलवाहू जहाज उलटलं, तेव्हा तेगने नऊ खलाशांना वाचवलं. मार्च २०२५ मध्ये तरकशने अरबी समुद्रात अडीच हजार किलोंहून जास्त अमली पदार्थ पकडले. सतत समुद्रात असलेलं जहाज म्हणजे सतत झिजणारं जहाज. आणि झीज म्हटली की स्पेअर पार्ट आलेच.

मिकोलाइवचा कारखाना

आता इंजिनाकडे येऊ. तलवार वर्गातल्या प्रत्येक जहाजावर चार गॅस टर्बाइन असतात. दोन लहान, रोजच्या वेगासाठी. दोन मोठ्या, जोरात पळायचं असेल तेव्हासाठी. गिअरबॉक्स या चौघींची ताकद एकत्र करून दोन पंख्यांना देतो. तत्त्व विमानाच्या जेट इंजिनासारखंच. हवा आत ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि त्या गरम वायूच्या झोताने पाती फिरवायची.

या टर्बाइन बनतात युक्रेनमधल्या मिकोलाइव शहरातल्या ‘झोर्या-माशप्रोएक्ट’ या सरकारी कारखान्यात. सोव्हिएत काळात कामाची वाटणीच तशी होती. बाल्टिक किनाऱ्यावर जहाजाचा सांगाडा बनवायचा आणि त्यासाठी टर्बाइन मिकोलाइवहून आणायच्या. देश एकच होता, त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं. मिकोलाइवचा आपल्याशीही जुना संबंध आहे. आपल्या ‘राजपूत’ वर्गातल्या विनाशिका तिथल्याच गोदीतल्या, आणि आज आपल्याकडे असलेली विमानवाहू ‘विक्रमादित्य’सुद्धा मुळात तिथेच बांधली गेली.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटला. सांगाडा एका देशात राहिला, इंजिन दुसऱ्या देशात. तरी दोन्ही देशांचं जमत होतं तोवर काम चालत राहिलं. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाला लष्करी माल देणं थांबवलं.

याचा पहिला फटका कोणाला बसला? खुद्द रशियाला! याच डिझाइनच्या सहा फ्रिगेट रशिया आपल्या काळ्या समुद्रातल्या ताफ्यासाठी बांधत होता. तिघींची इंजिनं आधीच पोचली होती, त्या पूर्ण झाल्या. उरलेल्या तीन जहाजांचे सांगाडे गोदीतच अडकले. जगातल्या एका मोठ्या नौदलाची नवी जहाजं फक्त इंजिन नाही म्हणून उभी राहिली. पर्यायी टर्बाइन स्वतः बनवायला रशियाला वर्षं लागली आणि तोवर त्यांचा जहाजबांधणीचा सगळा कार्यक्रम मागे पडला. जहाज बनवता येतं म्हणजे त्याचं इंजिन बनवता येतं असं नाही, हा धडा रशिया शिकला. आपल्याला तो शेजारी बसून, फुकटात बघायला मिळाला.

इंजिन आम्ही आणतो, तुम्ही बसवा

त्या अडकलेल्या सांगाड्यांपैकी दोन भारताने घेतले. ऑक्टोबर २०१८ मध्ये करार झाला, सुमारे ९५ कोटी डॉलरचा. मूळचं ‘ॲडमिरल बुताकोव्ह’ पुढे तुशिल झालं, ‘ॲडमिरल इस्तोमिन’चं तमाल झालं. युक्रेन रशियाला इंजिन देणार नव्हता, पण भारताला द्यायला त्याची हरकत नव्हती. मग भारताने टर्बाइन स्वतः युक्रेनकडून विकत घेतल्या आणि रशियातल्या गोदीला नेऊन दिल्या. भांडलेल्या दोन शेजाऱ्यांच्या मधे उभं राहून निरोप पोचवणाऱ्या माणसासारखं.

हे डिप्लोमसी म्हणून खरंच कमाल होतं. पण वेळेचा विचार करा. ही देवाणघेवाण फेब्रुवारी २०२२ च्या आधी झाली. त्यानंतर युद्ध पेटलं, मिकोलाइव आघाडीजवळचं शहर बनलं आणि तिथे महिनोन्‌महिने मारा झाला. तीच खरेदी दोन वर्षं लांबली असती तर? तुशिल आणि तमाल कदाचित आजही गोदीत उभ्या असत्या. यात मुत्सद्देगिरी होती, तसं नशीबही होतं. आणि पुढची तीस वर्षं नशिबावर ढकलता येत नाहीत.

टर्बाइनची पाती आणि घाटकोपरचं गोदाम

स्पेअर पार्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाइकची क्लच केबल येते. गॅरेजवाला म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत मागवतो.’ युद्धनौकेचं तसं नसतं. टर्बाइनमधली पाती प्रचंड तापमानात, मिनिटाला हजारो फेऱ्या मारतात. त्यासाठी निकेलचे खास मिश्रधातू लागतात. समुद्रावरच्या हवेत मीठ असतं, ते पात्यांना हळूहळू खातं. म्हणून ठरावीक तास चालल्यावर टर्बाइन उघडून तपासावीच लागते, गरज पडली तर अख्खी जहाजाबाहेर काढावी लागते. एक पातं कमी प्रतीचं बसलं आणि तुटलं, तर ते मागच्या सगळ्या पात्यांचा चुरा करतं. त्यामुळे ‘चालतंय ना, मग बसव’ हा आपला लाडका जुगाड इथे चालत नाही.

जहाजावर रोज लागणारे काही भाग सोबतच असतात. त्याहून जास्त साठा किनाऱ्यावर. मुंबईत घाटकोपरला नौदलाचं मोठं साहित्य भांडार आहे. मोठी दुरुस्ती नौदल गोदीत होते. आणि गॅस टर्बाइनसाठी विशाखापट्टणममध्ये ‘आयएनएस एक्सिला’ हे नौदलाचं खास केंद्र २००० पासून आहे. थकलेल्या टर्बाइन तिथे उघडून, दुरुस्त करून पुन्हा जहाजावर जाण्याइतक्या तयार केल्या जातात. म्हणजे इंजिन खोलून जोडायचं कसं, हे आपल्या लोकांना नीट येतं. पण हात आपले असले तरी त्यात बसणारे बरेचसे मुख्य भाग मूळ कारखान्याचेच लागतात.

त्यातही ‘एकाच क्लासची जहाजं म्हणजे सगळे पार्ट सारखे’ हा गैरसमज आहे. पहिल्या तीन तलवारींवर जवळून येणारी क्षेपणास्त्रं पाडायला ‘कश्तान’ ही यंत्रणा आहे, पुढच्या तिघींवर ‘एके-६३०’ तोफा आहेत. पहिल्या तिघी ‘क्लब’ क्षेपणास्त्रं घेऊन आल्या, पुढच्या ब्राह्मोस घेऊन. तुशिल-तमालवर आणखी नवे बदल. म्हणजे कुटुंब एकच, पण तीन पिढ्या, आणि प्रत्येक पिढीची औषधं वेगळी.

पार्ट वेळेत आला नाही तर काय होतं? एक जहाज धक्क्याला उभं राहतं. मग दुसरं समुद्रात जावं म्हणून या उभ्या जहाजाचा भाग काढून त्याला लावायचा मोह होतो. जगभरची नौदलं अडचणीत हे करतात. कागदावर जहाजं आठ असतात, प्रत्यक्षात निघू शकतात त्याहून कमी. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी नौदल अरबी समुद्रात पुढे सरकून तैनात झालं होतं. अशा वेळी ‘आपल्याकडे किती जहाजं आहेत’ यापेक्षा ‘आज रात्री किती निघू शकतात’ हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

आणि अडचण फक्त युक्रेनच्या बाजूने नाही. जहाजावरच्या रडारपासून तोफांपर्यंत बऱ्याच गोष्टी रशियन आहेत. रशियाचे कारखाने आधी स्वतःच्या युद्धाचं काम करतात आणि निर्बंधांमुळे त्यांना पैसे पाठवणंही कटकटीचं झालंय. युद्धामुळे रशियाकडून ठरलेला माल मिळत नसल्याचं हवाई दलाने २०२३ मध्ये संसदेच्या समितीला सांगितलंच होतं.

७५ टक्के, पण कशाचे?

इथे अनेकांना वाटेल की हा फक्त जुन्या, आयात जहाजांचा प्रॉब्लेम आहे. आपली नवी जहाजं तर स्वदेशी आहेत ना?

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बनलेली ‘आयएनएस सुरत’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. अधिकृत आकडा, ७५ टक्के स्वदेशी. अभिमान वाटावा असंच काम आहे ते. पण तिला पळवणाऱ्या चार टर्बाइन? त्याही झोर्याच्याच. ‘दिल्ली’, ‘कोलकाता’ आणि ‘विशाखापट्टणम’ या तिन्ही वर्गांच्या मिळून दहा विनाशिका माझगाव डॉकने बांधल्या, आणि सगळ्यांत युक्रेनच्या टर्बाइन आहेत. त्यात तलवार वर्गाच्या आठ फ्रिगेट धरा. एकेका जहाजावर चार, म्हणजे अशा टर्बाइनचा आकडा सत्तरच्या वर जातो. शिवाय गोवा शिपयार्डमध्ये याच वर्गाच्या आणखी दोन, ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्या’, तयार होतायत. त्रिपुटचं जलावतरण जुलै २०२४ मध्ये झालं, तवस्याचं मार्च २०२५ मध्ये. बांधणी गोव्यातली, पण इंजिन पुन्हा मिकोलाइवचंच.

नौदलाला हे माहीत नाही असं अजिबात नाही. नौदल स्वतः जहाजाचे तीन भाग करून बोलतं: तरंगणं, चालणं आणि लढणं. स्वदेशीकरणाच्या २०१५ च्या आराखड्यात नौदलाने प्रांजळपणे मांडलं होतं की तरंगण्यात आपण सुमारे ९० टक्के स्वदेशी आहोत, चालण्यात ६० आणि लढण्यात ३०. त्यानंतर प्रगती झालीय. पण जहाजाचं पोलाद, केबल आणि फर्निचर आपलं, तर टर्बाइनची पाती बाहेरची असतील, तर बेरीज कितीही मोठी आली तरी जहाज त्या पात्यांसाठीच थांबणार. मार्कशीटवर टोटल ७५ टक्के असली तरी एका कंपल्सरी पेपरात केटी असेल तर काय होतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको!

सप्लायर बदलून भागेल?

एक सोपं उत्तर लगेच सुचतं. युक्रेनचं नको, तर अमेरिकेचं घ्या. नौदलाने ते काही ठिकाणी केलंही आहे. शिवालिक आणि नव्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटवर अमेरिकन टर्बाइन आहेत, बेंगळुरूच्या एचएएलमध्ये जोडलेल्या. पण जहाज बांधून झाल्यावर इंजिनाची जात बदलणं म्हणजे मिक्सरचं भांडं बदलण्याइतकं सोपं नसतं. गिअरबॉक्स, हवा ओढायचे मार्ग, धुराडं, कंट्रोल सगळंच बदलावं लागतं. शिवाय तेजस विमानांची अमेरिकन इंजिनं किती रखडली हेही आपण पाहिलंय. तिथे कोणी आपल्याशी भांडलंसुद्धा नव्हतं.

दुसरं उत्तर, सगळं इथेच बनवा. ते बरोबर आहे, पण त्यात गणिताची एक अडचण आहे. समजा नौदलाला एका खास सीलचे वर्षाला बारा नग हवे आहेत. पुण्या-नाशिकच्या एखाद्या कारखान्याने त्यासाठी डाय बनवायची, धातू मागवायचा, महिनोन्‌महिने चाचण्या द्यायच्या आणि मग बारा नग विकायचे. कोण करेल? ऑटोमोबाइल कंपनी तोच वेळ दिला तर हजारोंची ऑर्डर देते. म्हणून स्पेअर पार्टचं स्वदेशीकरण देशभक्तीच्या भाषणाने होत नाही. त्यासाठी अनेक वर्षांची खात्रीची ऑर्डर आणि पहिल्या प्रयत्नात फेल झालेल्यालाही थोडा आधार लागतो.

काही पावलं पडलीयत. सप्टेंबर २०१९ मध्ये भारत आणि रशियाने रशियन बनावटीच्या शस्त्रांचे सुटे भाग भारतात बनवण्याचा करार केला. २०२० मध्ये संरक्षण खात्याने ‘सृजन’ पोर्टल काढलं. आजवर बाहेरून येणाऱ्या वस्तूंची यादी तिथे असते आणि देशातले उद्योजक ‘हे आम्ही बनवतो’ म्हणू शकतात. पुण्याच्या भारत फोर्ज समूहाने झोर्याच्या भारतातल्या कंपनीत ५१ टक्के हिस्सा घेण्याचं पाऊल उचललं. आणि विमानासाठी बनवलेल्या ‘कावेरी’ इंजिनाचं १२ मेगावॉटचं सागरी रूप विशाखापट्टणमला चाचणीपर्यंत पोचलं होतं. जहाजावर मात्र ते चढलं नाही.

माझ्या मते यात आधी करायची गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी आहे. ज्या टर्बाइन आज आपल्या जहाजांवर आहेत, त्यांच्या झिजणाऱ्या प्रत्येक भागाची यादी, त्यातले कोणते भाग इथे बनू शकतात, कोणत्या भागांचा पाच-दहा वर्षांचा साठा आत्ताच करायला हवा, आणि कोणत्यांचं ज्ञान युक्रेनचा कारखाना उभा आहे तोवर करार करून विकत घ्यायला हवं. नवं इंजिन घडवायला दहा-पंधरा वर्षं लागतील, ते सुरू व्हायलाच हवं. पण मधली वर्षं ही यादी तारून नेणार आहे. आणि एक छोटी मागणी: पुढच्या जहाजाच्या कार्यक्रमात स्वदेशीचा एकच मोठा आकडा सांगण्याऐवजी तरंगणं, चालणं, लढणं असे तीन आकडे वेगवेगळे सांगा. मग लोकांनाही कळेल की अभ्यास कुठल्या पेपरचा बाकी आहे.

आणि यात आपला काय रोल? आपल्यातले मेटलर्जी, मेकॅनिकल वाले प्लेसमेंटच्या वेळी सॉफ्टवेअरकडे वळतात, कारण मटेरियलमध्ये ‘स्कोप नाही’ असं ऐकलेलं असतं. टर्बाइनच्या पात्यासाठी धातू ओतणारा, त्याची चाचणी घेणारा माणूस हाच आज देशाला कमी पडतोय. कॉमर्सवाल्यांसाठीही बारा नगांचं ते गणित सोडवायचं बाकी आहेच.

नौदल दिनाच्या आसपास गेटवेला जाऊन समोर उभ्या, दिव्यांनी उजळलेल्या युद्धनौकांसमोर आपण सगळेच सेल्फी काढतो. या वेळीही काढूया. फक्त त्या दिव्यांकडे बघताना घाटकोपरच्या गोदामातला एखादा रॅकही आठवूया. त्यावर पुढच्या वर्षी लागणारं पातं आहे की नाही, यावर ते जहाज पुढच्या वर्षी समुद्रात असेल की धक्क्याला, हे ठरणार आहे.